गदा, ढाल आणि तिसरा हात

मोसमच्या उजव्या हातात गदा आहे आणि डाव्या हातात ढाल. साल्हेरच्या कातळात खोदलेल्या पायऱ्यांवर तिचा सोबती आरम घायाळ होऊन पडलाय. त्याच्या जखमा भरून काढणारं स्पेल, म्हणजे जादूचा प्रयोग, तिला येतं, त्यासाठी लागणारी शक्तीही शिल्लक आहे. अडचण एकच. स्पेल करताना हाताने ठरावीक खुणा कराव्या लागतात, आणि तिचे दोन्ही हात गुंतलेले आहेत.

मोसम कागदावरची आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ चार-पाच जण टेबलाभोवती, नाहीतर सरळ सतरंजीवर, बसून खेळतात. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डंजन मास्टर किंवा नुसतं डीएम म्हणतात. बाकीचे एकेका पात्राची सूत्रं हातात घेऊन 'मी आता हे करतो' असं सांगतात. जमेल की नाही याची शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. पट लागत नाही, सोंगट्याही लागत नाहीत. कांद्याचे लिलाव बंद असलेल्या एखाद्या दिवशी नामपुरात चार मित्रांनी हा डाव मांडला, तर राक्षसांच्या किल्ल्यासाठी त्यांना युरोपचा नकाशा उघडायची गरज नाही. महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला त्यांच्याच बागलाण तालुक्यात आहे, 1567 मीटरचा. म्हणून या लेखातली पात्रंही इथलीच घेतली आहेत: नामपूरची मोसम, सटाण्याचा आरम आणि या दोन्ही नद्यांना पोटात घेणारी गिरणा. मोसम क्लेरिक आहे, म्हणजे देवाच्या कृपेने स्पेल करणारी लढवय्यी भक्त. आरम हा पोथ्या वाचून विद्या मिळवलेला विझर्ड. गिरणा सॉर्सरर, तिच्यात जादू जन्मजातच आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ 1974 साली अमेरिकेत छापला. स्पेलला काय काय लागतं याची आजची तीन खात्यांची पद्धत पक्की झाली ती 1978 च्या 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीच्या खेळाडूंसाठीच्या पुस्तकात. प्रत्येक स्पेलच्या माहितीत इंग्रजी अक्षरं असतात: व्ही, एस, एम. व्ही म्हणजे व्हर्बल, तोंडाने म्हणायचं. एस म्हणजे सोमॅटिक, हाताने करायचं. एम म्हणजे मटेरियल, जवळ असावं लागणारं साहित्य. कुठल्या स्पेलला तिन्ही लागतात, कुठल्याला दोन, कुठल्याला एकच. इथे मी 2014 च्या पाचव्या आवृत्तीचे नियम धरून चाललो आहे. 2024 मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली, तरी हातांचा हिशेब बहुतांशी तोच राहिला.

तोंडाचा भाग सोपा आहे. नियम सांगतो की ताकद शब्दांच्या अर्थात नसून आवाजाच्या ठरावीक उंचीत आणि घुमण्यात आहे. त्यामुळे तोंडात बोळा कोंबलेला असेल तर व्हीवालं स्पेल होत नाही. 'सायलेन्स' या स्पेलने वीस फूट त्रिज्येचा नि:शब्द गोल तयार केला असेल, तर त्याच्या आतही होत नाही. आवाज किती मोठा हवा, हे नियमात धड सांगितलेलं नाही. माझ्या मते पुटपुटणं चालवून घेऊ नये. झुडपाआड बसून ओठातल्या ओठात स्पेल करता आलं, तर लपूनछपून वावरण्यात ज्यांनी सगळं कसब घातलं, त्या चोर-पात्रांना टेबलावर काही कामच उरत नाही.

साहित्याच्या बाबतीत मात्र लेखकांनी हात सैल सोडून मजा केली आहे. 'फायरबॉल', म्हणजे आगीचा गोळा, टाकायला वटवाघळाच्या विष्ठेची आणि गंधकाची बारीक गोळी लागते. वाचताना किळस येते. पण वटवाघळांच्या विष्ठेतून सोरा काढतात, आणि सोरा, गंधक, कोळसा म्हणजे तोफेची दारू, हे लक्षात आलं की विनोद कळतो. 'लायटनिंग बोल्ट'ला केसाळ कातडीचा तुकडा आणि काचेची कांडी लागते. शाळेत स्थिर विजेचा प्रयोग केलेल्या कुणालाही यातली खोच उमगेल. पडताना तरंगत उतरण्यासाठी पीस, पायाखालची जमीन निसरडी करायला लोणी, झोप आणायला रातकिडा. यादीतल्या बऱ्याच वस्तू परक्या वाटल्या तरी बागलाणात सापडणाऱ्या आहेत. चपळाई आणणाऱ्या 'हेस्ट'ला ज्येष्ठमधाचा तुकडा लागतो, तो काष्ठौषधींच्या दुकानात मिळेल. अदृश्य व्हायला डिंकात बसवलेला पापणीचा केस लागतो, आणि डिंकासाठी बाभळीपर्यंत गेलं की झालं. निसर्गपूजक ड्रुइड ज्या मिसलटोची डहाळी जवळ बाळगतात, ते आपलं आंब्यावरचं बांडगूळच. ते फुकट काढून न्या, शेतकरी उलट चहा पाजेल.

खेळताना मात्र ही वाणसामानाची यादी कुणी सांभाळत बसत नाही. पंचवीस सोन्याच्या नाण्यांना एक कंपोनंट पाऊच, म्हणजे साहित्याची थैली, विकत घेता येते, आणि लागेल ती किरकोळ वस्तू तिच्यात आहे असं धरतात. थैलीऐवजी फोकस चालतो. विझर्डसाठी तो दंड, कांडी किंवा स्फटिक असतो, क्लेरिकसाठी देवाचं चिन्ह, आणि गाऊन जादू करणाऱ्या बार्डसाठी त्याचं वाद्य. याला एकच अपवाद आहे. स्पेलच्या माहितीत साहित्याची किंमत लिहिलेली असेल, तर ती वस्तू खरोखर जवळ हवी, थैली किंवा फोकस तिची जागा घेत नाही. वस्तू ओळखणाऱ्या 'आयडेंटिफाय'ला शंभर नाण्यांचा मोती लागतो, पण तो संपत नाही, पुन्हा पुन्हा वापरता येतो. मेल्यावर मिनिटाच्या आत माणसाला परत आणणाऱ्या 'रिव्हिव्हिफाय'ला तीनशे नाण्यांचे हिरे लागतात आणि ते प्रत्येक वेळी नष्ट होतात. मरणाला किंमत राहावी म्हणून केलेली ही तजवीज आहे. इथे सूट देणारा डीएम पुढे पस्तावतो, कारण मरायला कुणी भीतच नाही.

म्हणणं, हात आणि साहित्य ही तिकडी मराठी वाचकाला अनोळखी वाटू नये. संध्येतलं आचमन आठवा: तोंडाने नाव घ्यायचं, डाव्या हातात पळी, उजव्या तळव्यावर पाणी. कोणता हात काय करतो हे तिथेही ठरलेलं आहे, आणि गायत्रीजपाआधीच्या चोवीस मुद्रा तर निव्वळ हाताचंच काम. गायगॅक्सने हे आपल्याकडून घेतलं असं मात्र कुणी समजू नये. स्पेल पाठ करायचं आणि वापरलं की ते डोक्यातून पुसलं जायचं, ही जुन्या आवृत्त्यांतली कल्पना त्याने जॅक व्हॅन्स या लेखकाच्या कथांवरून उचलली होती.

आता हात. नियमातली वाक्यं दोनच आहेत, आणि सगळे वाद त्यांच्या मधल्या फटीतून निघतात. पहिलं वाक्य: स्पेलला एस असेल तर निदान एक हात मोकळा हवा. दुसरं: एम असेल तर साहित्य काढायला किंवा फोकस धरायला एक हात हवा, आणि तो खुणा करणारा हातच असला तरी चालतो. पहिल्या वाक्यात 'मोकळा' म्हणजे खरोखर रिकामा. दुसऱ्यात मात्र फोकस धरलेला हातच खुणाही करू शकतो.

क्लेरिकला देवाचं चिन्ह ढालीवर कोरून घेण्याची मुभा असते, म्हणजे ढाल हाच तिचा फोकस. मोसमने तसंच केलं आहे. आता ती 'ब्लेस' करायला गेली तर काहीच अडत नाही. 'ब्लेस'ला व्ही, एस, एम तिन्ही लागतात. एम आहे म्हणून ढालीचा हात फोकसचा हात ठरतो, तोच हात खुणा करतो, आणि गदा उजव्या हातात तशीच राहते. जखमा भरणाऱ्या 'क्युअर वून्ड्स'ला मात्र फक्त व्ही आणि एस आहेत. एम नाही, म्हणून दुसरं वाक्य लागूच होत नाही. पहिल्या वाक्यानुसार रिकामा हात हवा, आणि तो तिच्याकडे नाही.

म्हणजे जास्त सामग्री मागणारं स्पेल होतं आणि कमी मागणारं अडतं. वाचणाऱ्याला वाटतं की आपलंच काहीतरी चुकतंय. तसं नाही. खेळाच्या कर्त्यांनी नियमांचा खुलासा करताना गदा-ढालवाल्या क्लेरिकचंच उदाहरण घेऊन हाच अर्थ बरोबर असल्याचं सांगितलं आहे. मला हा नियमाचा उसवलेला टाका वाटतो. पण नियम म्हणून तो तसाच आहे, आणि त्यातून वाट काढायची तर पाळीची रचना समजायला हवी.

आपल्या पाळीत पात्राला एक मोठी कृती मिळते, थोडी चाल मिळते, आणि एखादी वस्तू काढण्याची किंवा ठेवण्याची एक किरकोळ हालचाल फुकट मिळते. ढाल चढवायला किंवा उतरवायला आख्खी कृती खर्च होते, म्हणून तिचा विचार सोडा. गदा कमरेला अडकवणं फुकटच्या हालचालीत बसतं. मग मोसमने गदा अडकवावी, रिकाम्या हाताने 'क्युअर वून्ड्स' करावं. पण गदा परत काढायला पुढची पाळी येईपर्यंत थांबावं लागेल. तेवढ्यात एखादा शत्रू तिच्या बाजूने पळून निघाला, तर त्याला जाता जाता तडाखा द्यायला हातात काही नाही. ही किंमत रास्त आहे असं मला वाटतं.

हुशार खेळाडू इथे दुसरी युक्ती काढतो. हातातली वस्तू नुसती खाली टाकायला साधारणपणे काहीच खर्च होत नाही, असंच बहुतेक टेबलांवर मानतात. मग गदा टाकायची, स्पेल करायचं आणि फुकटच्या हालचालीत ती पुन्हा उचलायची. नियमात हे बसतं. सपाट दालनात मीही चालवून घेईन. पण साल्हेरच्या उभ्या पायऱ्यांवर गदा टाकलीत तर ती साल्हेरवाडीच्या दिशेने निघेल, आणि ती कुठे थांबली हे फाशाने ठरवायचा अधिकार डीएमचा.

तिसरी वाट सगळ्यांत सोपी, आणि नवखे तीच विसरतात. 'हीलिंग वर्ड'ला फक्त व्ही लागतो. हात नको, साहित्य नको, जवळ जायलाही नको. साठ फुटांवरून हाक मारायची, तीही मोठी कृती न खर्चता. बरं करण्याची ताकद कमी: 'क्युअर वून्ड्स'ला आठ बाजूंचा फासा, इथे चार बाजूंचा. पण बेशुद्ध पडलेल्या माणसाला उभं करायला एक गुणही पुरतो. तेव्हा मोसमने गदा-ढाल जागच्या जागी ठेवून आरमच्या दिशेने ओरडावं आणि उरलेल्या कृतीत समोरच्याच्या डोक्यात गदा घालावी.

हा प्रश्न वारंवार येणार असेल तर 'वॉर कास्टर' हे खास कसब घेता येतं. ते असलं की दोन्ही हातांत शस्त्र-ढाल असतानाही खुणा करता येतात. त्यात आणखी दोन फायदे आहेत. मार खाल्ल्यावर चालू स्पेलवरचं लक्ष टिकवताना दोनदा फासा टाकून मोठा आकडा घेता येतो, आणि निसटत्या शत्रूवर तडाख्याऐवजी स्पेल टाकता येतं. गंमत अशी की दोन्ही हातांनी पेलायची भली मोठी तलवार घेणाऱ्याला या कसबाची गरज क्वचितच पडते. असं शस्त्र वार करतानाच दोन हात मागतं. एरवी एका हाताने ते धरून ठेवलं की दुसरा मोकळा. गदा-ढालवालीला जे जमत नाही ते परशूवाल्याला सहज जमतं.

आरम उठून उभा राहिला की त्याच्याही हातांचा हिशेब बघायला हवा. अंधार पडलाय. एका हातात दंड आहे, तोच त्याचा फोकस, आणि दुसऱ्यात मशाल. फायरबॉलला एम आहे, म्हणून दंडाच्या हाताने भागतं. पण बाण आला तेव्हा त्याला 'शील्ड' हे स्पेल हवं होतं. ते क्षणभर अदृश्य ढाल उभी करतं आणि अंगावरचा वार चुकवायला पाच गुणांची भर घालतं. त्याला व्ही आणि एस लागतात, एम नाही. शिवाय हे स्पेल दुसऱ्याच्या पाळीत, प्रतिक्रिया म्हणून करायचं असतं, आणि वस्तू ठेवण्या-काढण्याची फुकटची हालचाल आपल्याच पाळीत मिळते. म्हणजे मशाल आधीच कुणाकडे तरी दिलेली असायला हवी होती. विझर्डने मशाल धरूच नये. 'लाइट' हे छोटं स्पेल त्याला येत असतं. त्याला व्ही आणि एम पुरतात, साहित्य म्हणजे एक काजवा नाहीतर चमकणारं शेवाळ, आणि दंडाचं टोक तासभर उजळतं. हात वाचतो. हे सुचायला खेळाडूला दोन-तीन बाण खावे लागतात.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? हा खेळ तलवारवाला आणि जादूगार यांना एका टेबलावर बसवतो. जादूगाराला ढालीचं संरक्षण, शस्त्राचा वार आणि स्पेल ही तिन्ही एकाच वेळी मिळाली, तर तलवारवाल्याने काय करायचं? चिलखत, शस्त्र, शक्ती हे सगळं पुढे वाढत जातं. हात मात्र शेवटपर्यंत दोनच राहतात. म्हणून आवृत्ती बदलली की या नियमाची दोरी कधी ताणली गेली, कधी सैल सोडली. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत विझर्डने चिलखत घातलं तर खुणा बिघडून स्पेल फसण्याची टक्केवारीच दिली होती, आणि हाताविना किंवा आवाजाविना स्पेल करायला वेगवेगळी कसबं शिकावी लागत. 2008 च्या चौथ्या आवृत्तीने लढाईतली ही तिन्ही खाती जवळजवळ मोडीतच काढली. 2014 मध्ये ती परत आली. याच घराण्यातला 'पाथफाइंडर' हा खेळ, त्याच्या 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीत, हातात वस्तू असतानाही खुणा करू देतो. 2023 च्या फेररचनेत तर त्याने खाती काढून टाकली आणि 'ही हातांची हालचाल आहे' एवढी खूण स्पेलवर ठेवली, जी दिसताच तसं कसब असलेला शेजारचा शत्रू वार करू शकतो. मला ही मांडणी जास्त पटते. हात रिकामा आहे का हे मोजत बसण्यापेक्षा हात गुंतला की धोका येतो, हे सांगणं खेळात जिवंत वाटतं.

तरीही पाचवी आवृत्ती खेळणाऱ्यांनी हा नियम सरसकट सोडू नये. मी डीएम असेन तर ढालीवर चिन्ह असलेल्या क्लेरिकला एम नसलेल्या स्पेललाही तोच हात वापरू देईन. तो उसवलेला टाका शिवल्याने कुणाचं नुकसान होत नाही. पण 'शील्ड'सारख्या दुसऱ्याच्या पाळीतल्या स्पेलना सूट देणार नाही. तिथे हात मोकळा ठेवणं हाच खेळाडूचा डाव असतो.

घरी या खेळाचं पुस्तक बघून कुणी जादूटोण्याची शंका काढली, तर सांगायला हरकत नाही की असाच गदारोळ 1980 च्या दशकात अमेरिकेतही झाला होता आणि विरला. आपल्याकडचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा अलौकिक शक्तीच्या दाव्याखाली माणसांना फसवणाऱ्यांसाठी आणि छळणाऱ्यांसाठी आहे. इथे तर सगळेच कबूल करतात की हे खोटं आहे. पुस्तक विकत घ्यायचं नसेल तर पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी 2023 पासून खुल्या परवान्याखाली मोफत मिळतात. श्रेय दिलं की त्यांचं मराठी भाषांतर करून वाटायलाही आडकाठी नाही.

नियमाची खरी कसोटी लागते ती पकडलं गेल्यावर. समजा, तिघंही साल्हेरच्या गुहेत सापडले. नुसतं धरून ठेवलं तर काहीच थांबत नाही. 'पकडलेला' या अवस्थेत पाय अडतात, हात आणि तोंड नाही. म्हणून शहाणा शत्रू मनगटं बांधतो. मनगट बांधलं पण बोटं हलतात, तेव्हा एस होतं का? नियमात हाताचा 'मोकळा वापर' असे शब्द आहेत, त्यामुळे माझं उत्तर नाही. आरमचे हात बांधले आणि तोंड तसंच सोडलं, तर तो 'मिस्टी स्टेप'चे शब्द म्हणून डोळ्यांना दिसणाऱ्या तीस फुटांवरच्या जागी क्षणात पोचेल, कारण त्या स्पेलला फक्त व्ही लागतो. तोंडात बोळा घातला की विझर्ड आणि क्लेरिक दोघंही जवळपास संपले.

गिरणा नाही. सॉर्सररला 'सटल स्पेल' नावाची कला शिकता येते. आपल्या राखीव जादूतला एक गुण खर्चून ती शब्द आणि खुणा दोन्ही गाळू शकते. बांधलेली, बोळा घातलेली गिरणा नुसती बघत बसलेली दिसेल आणि पहारेकऱ्याच्या शेजारचा पहारेकरी भुलून जाईल. दुसऱ्याचं स्पेल हाणून पाडणारं 'काउंटरस्पेल'ही इथे चालत नाही, कारण समोरचा स्पेल करताना दिसला तरच ते वापरता येतं. पण या कलेने व्ही आणि एस जातात, एम जात नाही. साहित्य लागणाऱ्या स्पेलसाठी थैलीत हात घालावाच लागतो आणि ते दिसतंही. त्यामुळे गिरणेने तीस फूट दूर जायचा किंवा पहारेकऱ्याला भुलवायचा बेत सांगितला, तर डीएमने स्पेलची अक्षरं बघावीत. एम नसेल तर होऊ द्यावं. एम असेल तर तिला एवढंच विचारावं, की झडती घेतली तेव्हा कमरेची थैली कुणी काढून घेतली होती.